दान, वर्गणी आणि हुकूम

गावात शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी निघाली, म्हणजे कुणी पाच रुपये देतो, कुणी पन्नास देतो, तर कुणी ‘पुढच्या सुगीला पाहू’ म्हणून हात जोडतो. हात जोडणाऱ्यावर कुणी पाळत ठेवीत नाही. दानाचे मोल या मोकळेपणात आहे. सरकारनेच तो काढून घेतला तर काय होते, हे हिटलरच्या जर्मनीत दिसले.

सप्टेंबर १९३३ मध्ये नाझी सरकारने ‘हिवाळी मदत’ मोहिमेचा मोठा गाजावाजा केला. घोषणा मोठी गोड होती: ‘कुणी उपाशी राहू नये, कुणी थंडीने कुडकुडू नये.’ भिंतीभिंतींवर रंगीत चित्रे लागली. हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी घरोघर एकाच भांड्यात शिजवलेले साधे जेवण करायचे आणि वाचलेले पैसे दारी येणाऱ्या माणसाला द्यायचे. रस्त्यात लाल डबे खुळखुळवीत पोरे उभी असत. पैसे दिले की छातीवर लावायला बिल्ला मिळे, दारावर चिकटवायला चिठ्ठी मिळे.

आपल्याकडे म्हणतात, या हाताचे दान त्या हाताला कळू नये. इथे ते साऱ्या आळीला कळावे, अशीच योजना होती. कारण ज्याच्या दारावर चिठ्ठी नाही, तो लगेच डोळ्यांवर येई! कामगारांच्या पगारातून वर्गणी परस्पर कापली जाई. पहिल्या हिवाळ्यात सुमारे ३६ कोटी मार्क जमले. १९४२-४३ मध्ये सुमारे १६० कोटी.

तुम्ही म्हणाल, गरिबांना कोळसा, बटाटे तर मिळाले ना? मिळाले, हे खरे. पण लोकांच्या वर्गणीने गरिबांचा भार जितका उचलला, तितका सरकारी खजिना युद्धाच्या तयारीला मोकळा झाला. शिवाय घोषणेतल्या ‘कुणी’ या शब्दात सगळे नव्हतेच. १९३५ पासून ज्यू गरिबांना या मदतीतून वगळले. त्यांना आपली निराळी व्यवस्था करावी लागली.

पुढे जून १९४१ मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या, पण हिवाळ्याचे पुरेसे कपडे बरोबर नव्हते. डिसेंबरात प्रचारमंत्री गोबेल्सने सैनिकांसाठी लोकरीचे नि फरचे कपडे मागितले. भित्तिपत्रकांवर ती नागरिकांची भेट होती. ज्यूंना मात्र जानेवारी १९४२ मध्ये आपले लोकरी आणि फरचे कपडे देऊन टाकण्याचा हुकूम झाला. ‘कुणी कुडकुडू नये’ म्हणणाऱ्या सरकारने ऐन थंडीत माणसांच्या अंगावरची ऊब काढून नेली.

शिक्षकबंधुभगिनींनो, इतिहासाच्या तासाला असे एखादे चित्र दाखवाल, तेव्हा मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा. इथे ‘नाही’ म्हणायची मुभा होती का? आणि या चित्रात कोण नाही? चित्रकार कितीही कुशल असला, तरी या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला रंगांनी झाकता येत नाहीत.