समोरच्या घरातला चांदोबा

देगलूरच्या आमच्या गल्लीत चांदोबा महिन्यातून दोनदा उगवायचा. एकदा आमच्या घरी, मराठीत. आणि एकदा समोरच्या घरी, तेलुगूत. समोरचं घर पद्मशाली या विणकर समाजाचं. घरात बोलणं तेलुगू, बाजारात मराठी. त्या घरातल्या अक्काचा थोरला मुलगा माझ्याच वर्गात होता. 'चांदोबा' मासिकाचा अंक आला की तो त्याचा घेऊन आमच्या ओसरीवर येई, मी माझा काढी, आणि दोन्ही अंक शेजारी शेजारी उघडून आम्ही पालथे पडत असू.

पानोपानी चित्र तेच. तोच राजा, तीच तलवार, खांद्यावर तेच प्रेत. चित्राभोवतीची अक्षरं तेवढी वेगळी. मला आठवतं, तेलुगू वाचायला मी शिकलो ते विक्रम आणि वेताळाच्या पानावर. त्या गोष्टीची सुरुवात दर महिन्याला सारखीच असे आणि आम्हा दोघांनाही ती तोंडपाठ होती. माझ्या अंकात राजाचं नाव कुठे येतं ते मला ठाऊक, म्हणून त्याच्या अंकात तेच नाव अंदाजाने शोधायचं. पहिलं अक्षर 'वि'. तेलुगूत 'व'च्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी बारीक रेघ असते, तिला 'तलकट्टु' म्हणतात. 'वि' लिहिताना ती रेघ जाते आणि तिच्या जागी गोल टोपी बसते, ती 'गुडि'. हे मला माझ्या मित्राने काडीने धुळीत काढून दाखवलं. शिरोरेघेला लटकलेली अक्षरं पाहणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती गोल, सुटी अक्षरं आधी मण्यांसारखी वाटली. वर्षभरात मी अडखळत का होईना, वाचू लागलो.

आमची समजूत अशी की चांदोबा मुळात मराठी आणि समोरच्यांसाठी त्याचं तेलुगू केलेलं. मित्राची समजूत नेमकी उलट. खरं त्याचं होतं.

जुलै १९४७मध्ये, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, मद्रासमध्ये 'चंदमामा' तेलुगूत आणि 'अंबुलिमामा' या नावाने तमिळमध्ये निघाला. काढणारे दोघे, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. दोघेही सिनेमावाले. पुढे 'पाताळ भैरवी' (१९५१) आणि 'मायाबाजार' (१९५७) हे दक्षिणेत आजही पाहिले जाणारे चित्रपट त्यांच्याच संस्थेने काढले. चक्रपाणी तेनालीचे. शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या त्यांनी तेलुगूत आणल्या होत्या, त्यामुळे एका भाषेतली गोष्ट दुसरीत नेताना काय सांडतं आणि काय टिकतं हे त्यांना नीट माहीत होतं. मासिक वाढत गेलं. कन्नड, हिंदी, १९५२मध्ये मराठी, मग मल्याळम, गुजराती, इंग्रजी, ओडिया. पुढे बंगालीही. मराठीत त्याचं नाव 'चांदोबा' ठेवलं, आणि ते इतकं घरचं होतं की मद्रासचा पत्ता वाचूनही कुणाला ते परकं वाटलं नाही. मोजक्या भाषांत ब्रेल आवृत्तीही निघत असे, त्यांत मराठी होती.

काम चाले ते असं. मजकूर आधी तेलुगूत पक्का होई. १९५२पासून १९८०मध्ये निधन होईपर्यंत कोडवटिगंटि कुटुंबराव हे संपादनाचे खांब होते. ते स्वतः डाव्या विचारांचे, बुद्धिवादी कथाकार. भुताखेतांच्या गोष्टींचं मासिक अशा माणसाच्या हातून घडलं, आणि मला वाटतं, म्हणूनच त्या गोष्टींत भूत असे पण भीती नसे. वेताळाचा प्रश्न नेहमी न्यायाचा असे, कोण चुकलं, कोण बरोबर. संस्कृतातल्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या. त्यानंतर शेकडो नव्या गोष्टी वेताळाच्या तोंडी घातल्या गेल्या आणि प्रत्येकीच्या शेवटी वाचणाऱ्या पोराला क्षणभर न्यायाधीश व्हावं लागलं. तेलुगू मजकूर ठरला की तो इतर भाषांच्या टेबलांवर जाई. चित्रं सगळ्यांना एकच. चित्राभोवती जेवढी जागा, तेवढ्यात आपली भाषा बसवायची.

आमच्या मराठवाड्यात हे मासिक केव्हा आलं ते पाहण्यासारखं आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात सामील झालं. तोवर वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत चाले. मराठी शाळा होत्या, पण थोड्या. म्हणजे गावोगाव मराठी शाळेत बसलेली आमच्याकडची पहिली मोठी पिढी आणि मराठी चांदोबा, ही दोघं जवळपास एका वयाची. माझे वडील त्या पिढीतले. शाळेच्या पुस्तकाबाहेर त्यांनी वाचलेला पहिला मराठी कागद चांदोबाचा होता, असं ते सांगत.

मग १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांत झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका तिकडे गेला आणि आदिलाबादचं किनवट इकडे आलं. बासरची सरस्वती, जिच्या पुढ्यात आजही नांदेडकडची माणसं लेकरांना तांदळात पहिलं अक्षर गिरवायला नेतात, ती त्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. रेघा नकाशावर ओढल्या गेल्या. माणसं होती तिथेच राहिली. उदगीरला माझ्या आत्याच्या घरी सुट्टीत गेलो तेव्हा शेजारच्या लिंगायत कुटुंबात मी तिसरा अंक पाहिला. कन्नड. चित्र तेच! त्या दिवशी मी आत्याला तीनतीनदा विचारलं, अजून किती भाषांत आहे गं हा. आत्या म्हणाली, "आकाशातला चांदोबा किती गावांत दिसतो, तेवढ्या."

लातूर शहरातल्या माझ्या आत्येभावाची तक्रार वेगळी होती. त्यांच्याकडे अंक उशिरा पोचे. उदगीर परळी-विकाराबादच्या मोठ्या रुळांवर. लातूर शहर मात्र बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवर. १९११मध्ये ही छोटी गाडी लातूरला आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कुर्डुवाडीहून डुलत डुलत माणसं, गूळ, कापूस आणि टपालाचे गठ्ठे आणत राहिली. अंक उशिरा आला की आत्येभाव गाडीला दोष देई. या मार्गाशी आमच्या मुलखाची दुसरीही एक आठवण बांधलेली आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरच्या नळांना थेंब उरला नव्हता, तेव्हा मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे याच वाटेने लातूरला आली.

पाण्यावरून सांगतो. आमच्याकडच्या नद्या उन्हाळ्यात वाळूच्या. समुद्र कुणी पाहिलेला नाही. शिडाचं गलबत, वल्हं, नांगर, बेटाच्या काठाला लागलेली होडी, हे सगळं माझ्या पिढीने चांदोबाच्या मालिकांत पाहिलं, आणि ते पाहिलं 'चित्रा' या सहीच्या रेघांतून. चित्रा म्हणजे टी. व्ही. राघवन. चित्रकला कुठे शिकलेले नव्हते, आधी मद्रासला एका प्रकाशन संस्थेत विक्रीचं काम करत. त्यांनी चांदोबासाठी हजारो चित्रं काढली. लाकडाच्या फळ्या कशा जोडल्या आहेत, दोर कुठे बांधला आहे, हे त्यांच्या होडीत दिसे. मी आणि माझा मित्र वहीच्या पाठीमागे तशी होडी काढायचो आणि पावसाळ्यात गल्लीतल्या ओहोळात कागदाची सोडायचो. होडीचे तेलुगू शब्द मी तेव्हाच शिकलो. 'पडव' म्हणजे होडी, 'ओड' म्हणजे जहाज.

त्या मालिका लिहिणारा माणूस कोण, हे अंकात कधीच छापलं गेलं नाही. त्याचं नाव दासरी सुब्रह्मण्यम्. १९५४पासून १९७८पर्यंत त्यांनी बारा मालिका लिहिल्या. 'ज्वालाद्वीपम्', 'कंचुकोट', 'रातिरथम्', 'मायासरोवरम्', 'भल्लूक मांत्रिकुडु' या त्यातल्या काही. १९७८मध्ये चित्रा गेले आणि दासरींची शेवटची मालिकाही त्याच वर्षी संपली. दासरींचं निधन २०१०मध्ये झालं. तेलुगू वाचकांना त्यांचं नाव उशिरा का होईना कळलं, त्यांच्या मालिका जाणत्या वाचकांनी शोधून जमवल्या. मराठीत त्याच मालिका वाचून मोठ्या झालेल्या माणसांना हे नाव आजही सांगावं लागतं. विक्रम-वेताळाचे चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, हे त्या मानाने भाग्यवान. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते चंदमामात होते. सप्टेंबर २०२०मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता बंद पडण्याविषयी. ते एकदा झालं नाही. १९९८मध्ये कामगारांच्या वादातून सगळ्याच आवृत्त्या थांबल्या. वर्षभराने नवे भागीदार आले आणि अंक पुन्हा निघाला. २००७मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने मासिक विकत घेतलं. २००८मध्ये साठीचा समारंभ थाटात झाला. पण कंपनीच कर्जात रुतली, आणि २०१३च्या सुमारास चांदोबा निघायचा थांबला. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. निरोपाचा अंक नाही, संपादकांचं पत्र नाही.

याच सुमारास स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात 'द डँडी' हे मुलांचं साप्ताहिक छापून निघायचं थांबलं. ४ डिसेंबर १९३७ला सुरू झालेलं, ४ डिसेंबर २०१२ला, बरोबर पंचाहत्तराव्या वाढदिवशी थांबलं. शेवटचा अंक खास काढला, पहिल्या अंकाची नक्कल सोबत दिली. बंद होण्यालाही एक रीत असते आणि ती पाळली गेली. आमच्या लेकरांच्या वाट्याला ती आली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दूरदर्शनने चांदोबा मारला असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' १९८५मध्ये आलं, चांदोबा त्यानंतर पाव शतकाहून अधिक जगला. आमच्या घरी रविवारी मालिका पाहून मुलं अंकातली चित्रं काढून ताडून पाहत, कुठला वेताळ खरा ते ठरवत. मासिक मेलं ते त्याच्या बांधणीमुळे. एक मूळ मजकूर, एक चित्रं, एक छापखाना, डझनभर भाषा. हीच त्याची ताकद होती, आणि मूळ एका जागी असल्यामुळे तिथे कुऱ्हाड पडली की सगळ्या फांद्या एकदम वाळल्या. 'किशोर' हे मुलांचं मासिक नोव्हेंबर १९७१पासून आजवर चालू आहे, कारण त्यामागे बालभारती उभी आहे आणि मराठी लिहिणारे आहेत. चांदोबाला मराठीत वाचणारे लाखो होते, पण त्याचा म्हणून एकही मराठी लेखक नव्हता. 'सत्यकथा' हे मासिक १९८२मध्ये थांबलं तेव्हा आणि 'माणूस' हे साप्ताहिक १९८६मध्ये थांबलं तेव्हा त्यांच्या लेखकांनी पानंच्या पानं लिहिली. चांदोबासाठी लिहायला कुणी नव्हतं, कारण त्यातल्या मजकुरावर कुणाची सही नव्हती.

आणि आमच्या सीमेवरचं नुकसान तर पुण्या-मुंबईला कळणारही नाही असं आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या गावांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. शाळा वेगळ्या, पुस्तकं वेगळी, पुढे राज्यंही वेगळी झाली. एकाच महिन्यात, एकाच चित्राखाली, हीच गोष्ट समोरचं पोरगंही वाचतंय, ही खात्री देणारा छापील कागद माझ्या माहितीत तो एकच होता. आता त्या गल्लीतली मुलं एकाच भाषेत शिकतात, इंग्रजीत. समोरच्या घराचं अक्षर कसं दिसतं हे त्यांना दुकानाच्या पाटीवरून कळतं.

गेल्या दिवाळीत देगलूरला गेलो तेव्हा मित्राने माळ्यावरून एक बाड काढलं. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या अक्काने, दर महिन्याच्या अंकातली मालिकेची पानं अलगद सोडवून, घरातल्याच सुताने दाभणाने शिवलेली. 'मायासरोवरम्'. कडा तपकिरी झाल्या होत्या, पण टाका एकही सुटला नव्हता. आम्ही पहिल्यापासून चाळत गेलो. तो वाचायचा, मी मागून पुटपुटायचो, 'गुडि' कुठे आणि 'तलकट्टु' कुठे ते अजून ओळखू येत होतं. मध्येच दोन पानं नव्हती. उंदराने नेली की कुणी फाडली, त्याला आठवेना. गोष्ट तिथे तुटत होती आणि पासष्टीला टेकलेला तो माणूस खरोखर हिरमुसला.

नांदेडला परत आल्यावर मी माझ्या ट्रंकेतले मराठी अंक उपसले. तो महिना सापडला. वजिराबादेत दोन्ही पानांची झेरॉक्स काढली आणि देगलूरच्या एस.टी.त ओळखीच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं. दोन दिवसांनी मित्राचा फोन आला. चित्रं जुळली म्हणाला, काठोकाठ. सुनेकडून सुई-दोरा घेतलाय आणि मराठी पानं त्याच जागी शिवतोय.