तांबड्या भोपळ्याची पारख

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मासासाठी स्थिरावलेल्या साधुसाध्वींचा विहार पुन्हा सुरू झाला, की बारामती आणि इंदापूरच्या बाजारांत तांबड्या भोपळ्यांचे ढीग दिसू लागतात. आषाढात बांधावर किंवा उकिरड्याच्या कडेला टोचलेल्या बियांचे वेल सुमारे चार महिन्यांत पक्क्या फळाला येतात. नीरा डाव्या कालव्यावर ऊस घेणारा शेतकरीही चार वेल हौसेने सोडतोच. तो याला डांगर म्हणतो. आपल्या गुजराती बोलणाऱ्या घरांत मात्र हेच ‘कोळुं’, आणि घोटाळा इथेच होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी इंदापूरच्या बाजारात ‘कोळं’ मागितले आणि भाजीवाल्या मावशींनी पांढरी पूड असलेला भलामोठा कोहळा माझ्या पिशवीत घातला. सासूबाई हसल्या. कोहळ्याच्या वड्या झाल्या आणि पुढच्या आठवडी बाजाराला त्या स्वतः मला घेऊन गेल्या.

त्या दिवशी त्यांनी भोपळा कसा पारखावा ते शिकवले. देठ वाळून लाकडासारखा झालेला हवा. सालीत नख रुतता कामा नये. बोटाने वाजवले तर पोकळ नाद यावा, पण उचलताना हात खाली ओढला जावा. सालीवरच्या उभ्या खाचा ठसठशीत हव्यात. कोवळा, गुळगुळीत, हिरवट भोपळा त्यांनी हातातही घेतला नाही. मला ती केवळ स्वयंपाकघरातली हुशारी वाटली.

पुढे स्वाध्यायात ‘गोम्मटसारा’तील वनस्पतींचा विचार वाचताना मी थबकले. ज्या वनस्पतीच्या शिरा, रेषा व सांधे प्रकट झालेले नाहीत, जी मोडता समान भंग होते आणि जिच्यात तंतू दिसत नाहीत, ती सप्रतिष्ठित प्रत्येक, म्हणजे अनंत निगोद जीवांचा आश्रय. रेषा आणि तंतू स्पष्ट झाले की तीच अप्रतिष्ठित. श्वेतांबर परंपरेतील ‘जीवविचार प्रकरणा’तही अनंतकायाची लक्षणे जवळपास हीच आहेत. सासूबाईंचे नख आणि आचार्यांची कसोटी एकाच ठिकाणी पोचत होती!

गंमत अशी, की हा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. दहाव्या शतकातील नेमिचंद्राचार्यांच्या दृष्टीस तो पडणे शक्यच नव्हते. बटाटाही त्याच खंडातून आला. शास्त्रात दोघांचेही नाव नाही. तरी एक जमिनीखालचा कंद म्हणून वर्ज्य ठरला आणि दुसरा घरात आला. नियम पाठ करणाऱ्यांपेक्षा नियमाचे कारण जाणणाऱ्या बायकांनी हा निवाडा केला असावा, असे मला वाटते. ‘इतक्या बिया, मग बहुबीज नव्हे काय?’ असेही कोणी विचारते. आमच्याकडे बियांची संख्या धरत नाहीत. मध्ये गर वा पडदा नसून बिया एकत्र दाटलेल्या असतील, तर ते बहुबीज मानतात. ज्या घरांत तरीही भोपळा घेत नाहीत, त्यांनी आपला नियम अवश्य पाळावा.

पक्का भोपळा अखंड असताना कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. पण फार जुना झाला तर आतल्या बियांना कोंब फुटलेले आढळतात. असा भोपळा आम्ही वापरत नाही. म्हणून माघाच्या पुढे साठवण नको. एकदा सुधारला की (आमच्या घरात भाजी ‘कापत’ नाहीत, ‘सुधारतात’) तो लवकर संपवावा लागतो. पूर्वी वाड्यातल्या चार घरांत फोडी वाटल्या जात. आता बाजारात आयत्या फोडी मिळतात. पण त्यांत कीड होती की नव्हती, सुरी कशाकशाला लागली होती, हे कोण सांगणार? लहान भोपळा घ्यावा, नाहीतर जावेला निम्मा द्यावा.

भोपळ्याचा खरा उपयोग मात्र मला संध्याकाळी कळला. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटोपायचे, तर पाचच्या सुमारास ताट वाढलेले हवे. ऊसतोडीच्या हंगामात दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी. मुलांचे रात्रिभोजन सुरू झाले, की आपण त्यांच्या श्रद्धेला दोष देतो. आमच्या घरी थोरल्याचा चौविहार सुटला तेव्हा मीही तेच केले. पण पाच वाजता माझ्या चुलीवर काय तयार होते? काहीच नाही! दुसऱ्या दिवसापासून साडेचारला भोपळ्याची भाजी फोडणीला टाकली आणि पाचच्या आत डबा दुकानात पोचवला. गल्ल्याच्या मागे बसून तो दहा मिनिटांत जेवू लागला.

ही भाजी सोपी आहे. अर्धा किलो फोडींना दोन चमचे तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद आणि दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी द्यावी. ताटात पाणी ठेवून वाफेवर दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. फोडीत पाणी घालू नये. मग मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालावा. कांदा-बटाट्याशिवाय भाजीला अंग येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी चार फोडी डावाने चेचून पाहाव्यात. भाजीपाल्याची बंदी कार्तिकीला उठलेली असल्याने वरून कोथिंबीरही चालते.

भरीत करताना मात्र सावध असावे. मेथीदाणा द्विदल आहे, त्यामुळे कच्च्या दह्याबरोबर तो चालत नाही. भरताला जिऱ्याची फोडणी द्यावी आणि त्या जेवणात वरण, बेसन ठेवू नये. नाहीतर दही आधी नीट गरम करून घ्यावे. पुष्कळ सुनांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आणि घारगे! वालचंदनगर साखरेवर उभे राहिले, तालुक्यात साखरेचे आणखीही कारखाने निघाले, तरी घारग्याला गूळच लागतो. दोन वाट्या किसात पाऊण ते एक वाटी गूळ घालून शिजवावे. निवल्यावर चिमूटभर मीठ, जायफळ, दोन चमचे कडकडीत तेल, मूठभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून, पाण्याचा थेंबही न लावता घट्ट मळावे. जाडसर थापून मंद आचेवर तळावे. इतर घरांत वर खसखस लावतात. ती बहुबीज, म्हणून आपण तीळ लावावेत. फाल्गुन चौमासीपासून तीळ बंद ठेवणाऱ्या घरांतही आता ते मोकळे झालेले असतात. शेजारीपाजारी घारगे प्रवासाला चार दिवस पुरवतात. आपल्याकडे मऊ घारगा रात्र उलटली की वासी, तेव्हा माणशी दोन असे मोजूनच करावेत.

गेल्या रविवारी मी दहा केले होते. डबा दुकानात गेला तेव्हा त्यात चार होते. शेजारच्या दुकानातला मुलगाही आता पाचलाच जेवायला येऊन बसतो.