स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि वाहनचालन

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेला रुग्ण पथ्यापथ्याविषयी पुष्कळ विचारतो. ‘स्कूटर चालवू का?’ हे मात्र सहसा विचारीत नाही. नातेवाईकही तो विषय टाळतात. तेव्हा तो वैद्यानेच काढावा, आणि पहिल्या एक-दोन भेटींतच काढावा. रुग्णाची समज शाबूत असताना ठरलेली गोष्ट त्याची स्वतःची राहते.

निदान झाले म्हणून त्याच दिवशी वाहन सुटले, असे नाही. आरंभीच्या अवस्थेत काही रुग्ण परिचित रस्त्यावर, दिवसाउजेडी नीट वाहन चालवितात. मात्र दर सहा महिन्यांनी फेरविचार हवा. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील धी, धृति व स्मृति हा भेद येथे उपयोगी पडतो. वाट विसरणे हा स्मृतीचा दोष. समोरील ट्रकचे अंतर व वेग न उमगणे हा धीचा, आणि मोह न आवरून सिग्नल ओलांडणे हा धृतीचा. अपघाताचे भय या दोहोंत अधिक. म्हणून तारीख-वार बरोबर सांगितला एवढ्यावरून अनुमती देऊ नये. ज्यांना नसलेल्या वस्तू वा माणसे दिसतात, त्यांनी तर तत्काळ थांबावे.

आपली उणीव न जाणवणे हेही या व्याधीचे लक्षण आहे. यास्तव घरच्यांना वेगळे बसवून विचारावे: गाडीवर नवे ओरखडे दिसतात का? ब्रेक उशिरा लागतो का? शेजारी बसून सूचना द्याव्या लागतात का? नातवंडास त्यांच्यामागे बसवाल का? या शेवटच्या प्रश्नावर सूनबाई गप्प राहिल्या, तर उत्तर मिळाले असे समजावे.

अनुज्ञप्तीच्या अर्जासोबतच्या नमुना १ मधील स्वयंघोषणेत फेफरे, भोवळ, दृष्टी यांविषयी पृच्छा असते. स्मृतीविषयी स्वतंत्र प्रश्न नसतो. त्यामुळे खिशात वैध अनुज्ञप्ती असणे हा क्षमतेचा पुरावा नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही लक्ष द्यावे. झोपेच्या गोळ्या व क्लोरफेनिरामिनयुक्त सर्दी-खोकल्याची औषधे या रुग्णांची सावधता आणखी मंदावतात. तगर, जटामांसी यांची त्यात भर पडू देऊ नये. आसवारिष्टांतील मद्यांशही विसरू नये. एकच औषध आठवड्यात दोनदा नेणारा वृद्ध ग्राहक दिसल्यास घरी कळवावे.

मेध्य रसायने अवश्य द्यावीत; परंतु ‘ब्राह्मीघृत चालू आहे, आता गाडी चालवा’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. तसे म्हणण्यास आधार नाही.

थांबविण्याची वेळ आल्यावर ‘वाहन चालवू नये’ हे शब्द चिकित्सापत्रावर लिहून द्यावेत, व आपल्या नोंदीतही ठेवावेत. त्यायोगे मुलाला वडिलांशी रोज वाद घालावा लागत नाही. ‘वैद्यांनी लिहिले आहे’ एवढे पुरते. किल्ली लपविण्यापेक्षा गाडी नजरेआड करणे बरे, कारण दिसली की आठवण होते. बाजार, देऊळ, मित्रमंडळ यांसाठी जाण्या-येण्याची सोय त्याच भेटीत ठरवावी: ओळखीचा रिक्षावाला, शेजाऱ्यांची सोबत. एस.टी.त २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. मात्र या रुग्णास एकट्याने पाठवू नये.