बिनतारी फोनची तार

२०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये आमच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जो पाऊस झाला, तो येथील कोणीही विसरला नसेल. आमचे गाव तुळजापूर तालुक्यात. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी पाहता पाहता पाण्यात गेल्या. पीकविम्याचा त्या वेळचा नियम असा की, झालेले नुकसान ७२ तासांच्या आत कळवले पाहिजे. फोन करून, मोबाईलच्या अ‍ॅपवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन. घरात दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे होती. वीज गेल्यावर काही तासांतच दोन्ही मुकी झाली. ओढ्याला पूर आल्याने रस्ताही बंद. आबा तालुक्याला पोचले तेव्हा चौथा दिवस उजाडला होता.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझा संबंध बेताचाच. तरीही एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला. मोबाईलला जर तारच नाही, तर तो वीज गेल्याने किंवा रस्ता खचल्याने बंद का पडावा? आमच्या शेजारी टेलिफोनचे एक निवृत्त लाईनमन काका राहतात. त्यांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "पोरी, तुझा मोबाईल बिनतारी हाय तो टॉवरपर्यंतच. तिथून पुढं सगळा तारेचाच कारभार." त्यांच्याकडून आणि थोड्याफार वाचनातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवते.

आपले बोलणे रेडिओलहरींवरून जवळच्या टॉवरपर्यंत जाते. हे अंतर फार तर काही किलोमीटरांचे. तेथून ते काचतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या केबलमधून पुढे जाते. जेथे केबल नाही तेथे टॉवरवरील गोल तबकडी ते दुसऱ्या टॉवरकडे पाठवते. पण शेवटी कोठे ना कोठे केबल गाठावीच लागते. मोबाईल, ब्रॉडबँड, व्यवसायांसाठीच्या जोडण्या अशी निरनिराळी नावे आपण जाहिरातींत वाचतो. वस्तुतः या साऱ्या सेवा बहुतांशी त्याच केसाएवढ्या तंतूंतून वाहतात. बँकेच्या शाखेला जादा पैसे भरून त्यातली ठरावीक वाट राखून मिळते, एवढाच काय तो भेद.

मोठी ठिकाणे जोडताना केबल शक्यतो कड्यासारखी फिरवून आणतात. एका बाजूला जेसीबीने ती तोडली, तर संदेश उलट दिशेने वळसा घालून पोचतो. खेड्याकडे मात्र बहुधा एकच फाटा येतो. तो तुटला की गाव जगापासून तुटले.

जुन्या काळ्या फोनविषयी काकांनी जे सांगितले ते मला सर्वांत नवलाचे वाटले. घरात वीज नसली तरी तो फोन चाले! कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा तांब्याच्या तारांच्या त्याच जोडीवरून घरापर्यंत येत असे. बोलणे आणि त्याला लागणारी वीज, दोन्ही एकाच वाटेने. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून फायबरच्या घरातील पेटीला घरचीच वीज लागते. टॉवरलाही बाहेरची वीज लागते. ती गेली की बॅटऱ्या, त्या उतरल्या की डिझेलचा जनरेटर. आणि डिझेल आणायला रस्ता हवा. वीज आणि रस्ता दोन्ही एकदम गेल्यावर टॉवर नुसता उभा असून काय उपयोग?

अर्थात तांब्याची तार फार थोर होती असेही नव्हे. २००५ मध्ये भारत संचार निगमने त्याच तारेवर ब्रॉडबँड सुरू केले, पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूर गेले की वेग पार मंदावे. खेड्यांना त्याचा लाभ कितीसा होणार?

हा निगम १ ऑक्टोबर २००० पासून दूरसंचार खात्याच्या सेवा चालवू लागला. धाराशिवचा ०२४७२, तुळजापूरचा ०२४७१, उमरग्याचा ०२४७५ हे आकडे आमच्या वडीलधाऱ्यांना अजून पाठ आहेत. २००२ मध्ये निगमची मोबाईल सेवा सुरू झाली. जानेवारी २०२० अखेर देशभरातील सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमचे काका त्यांतलेच एक. कोणत्या खांबावरून कोणाची जोडी गेली आहे हे ज्यांच्या डोक्यात होते, ती माणसे एकाच दिवशी घरी बसली. त्याची किंमत हिशेबाच्या वहीत कशी मांडणार, हे मला कळत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशातच तयार झालेल्या यंत्रणेवर निगमची ४जी सेवा देशभर सुरू झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु वेगाच्या आकड्यांपेक्षा आमच्यासारख्या गावाला दोन साध्या गोष्टी अधिक हव्यात असे मला वाटते : केबलला दुसरी वाट, आणि झडीचे दोन-तीन दिवस निभावतील एवढ्या बॅटऱ्या.

७२ तासांत कळवले नाही म्हणून २०२० च्या खरिपाची भरपाई जिल्ह्यातील तीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना नाकारली गेली होती. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आबांना ती बातमी मोबाईलवरच कळली.