विषय क्रमांक नऊ

(तृतीय वर्ष, कला)

‘नगरपरिषदेची आवश्यक कामे कोणती?’ दिवाबत्ती, साफसफाई, पाणीपुरवठा, आगी विझवणे, जन्म-मृत्यूची नोंद. शाळेपासून हे उत्तर मी इतक्या वेळा लिहिले आहे की झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. परंतु ही कामे जिथे ठरतात त्या सभागृहात या वर्षापर्यंत मी एकदाही पाऊल टाकले नव्हते. घरपट्टी भरायला किंवा दाखला आणायला गेले होते, ते तळमजल्यावरच्या खिडकीपर्यंतच. सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि सभा चालू असताना तेथे कोणालाही जाऊन बसता येते, हे मला ठाऊकच नव्हते.

यंदा राज्यशास्त्राच्या सरांनी आम्हाला प्रकल्प दिला : नगरपरिषदेच्या एका सर्वसाधारण सभेला हजर राहायचे आणि जे दिसेल ते लिहून आणायचे. वर्गात थोडा हशा झाला. मलाही हे काम कंटाळवाणेच वाटले होते. तो कंटाळा कसा मोडला, ते सांगण्यासाठी हा लेख.

दारातच शिपायाने अडवले. “काय काम आहे, ताई?” मी म्हणाले, “सभा ऐकायची आहे.” असे उत्तर त्याने बहुधा प्रथमच ऐकले असावे. तो आत जाऊन विचारून आला आणि भिंतीलगतच्या बाकाकडे त्याने बोट दाखवले. वास्तविक यात कोणाची मेहेरबानी नव्हती. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चालतो आणि त्यात सभा लोकांसाठी खुली ठेवलेली आहे. एखाद्या विषयाची चर्चा बंद दाराआड करायची असेल तर तसे सदस्यांनी बहुमताने ठरवावे लागते. त्या दिवशी बाकावर मी एकटीच होते.

सभागृह मात्र भरलेले होते. त्यालाही कारण आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकल्याने राज्यातील अनेक नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या होत्या. त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली काही वर्षे आमच्याकडेही प्रशासक होते, म्हणजे सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती. ठराव तेव्हाही होतच होते. फक्त त्यांना सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता, विरोध करणारा नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. आता नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले होते. त्यांत निम्म्या जागांवर स्त्रिया, कारण २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नगराध्यक्षांच्या शेजारी मुख्याधिकारी. ते लोकांनी निवडलेले नसतात, शासनाने नेमलेले असतात. ठरवायचे सभागृहाने आणि ते अमलात आणायचे मुख्याधिकाऱ्यांनी, अशी ही वाटणी आहे.

विषयपत्रिका

सभेचा सगळा जीव विषयपत्रिकेत असतो. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी आणि तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विषयांसह, सदस्यांना मिळावी, असा नियम आहे. तो नुसता शिष्टाचार नव्हे. काय ठरणार आहे हे आधी कळले तरच त्यावर विचार करून येता येते.

त्या दिवशी चौदा विषय होते. पहिला नेहमीचाच : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. त्याचा अर्थ असा की, मागच्या वेळी जे बोलले गेले तेच लिहिले गेले आहे ना, हे सर्वांनी एकदा पाहायचे. पाहिले मात्र कोणीच नाही. “कायम, कायम” असे चार आवाज आले आणि विषय संपला. नंतर काही बिलांना ‘कार्योत्तर मंजुरी’. म्हणजे काम होऊन गेले आहे, परवानगी आता द्यायची. त्यानंतर गटारीच्या कामाची निविदा, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती, मोकाट जनावरे आणि बंद पडलेला कोंडवाडा, एका चौकाचे नामकरण. सर्वांत शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. सर नंतर म्हणाले, जाणता नगरसेवक पत्रिका हाती घेतली की आधी हीच शेवटची ओळ बघतो. जो विषय आधी कोणाला कळू नये असे वाटते, तो शिरायला ही वाट सोयीची.

मी घड्याळ लावून वेळा टिपल्या होत्या. चौकाच्या नामकरणाला सत्तावीस मिनिटे लागली. दोन नावे पुढे आली, आवाज चढले, एक सदस्य उठून बाहेर गेले आणि परत आले. गटारीला सहा मिनिटे. विषय क्रमांक नऊला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

निरंक

विषय क्रमांक नऊ लिपिकाने वाचला तो असा : ‘आठवडे बाजाराच्या उपविधीच्या मसुद्यावर प्राप्त हरकती व सूचनांचा विचार करून मसुदा पुढील मंजुरीस पाठवणेबाबत.’

उपविधी म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. कायदा विधिमंडळ करते. पण प्रत्येक गावचा बाजार कुठे भरावा, खाटीकखाना कसा ठेवावा, याचे बारकावे मुंबईत बसून ठरवता येत नाहीत. म्हणून कायद्याच्या चौकटीत राहून आपल्या हद्दीपुरते नियम करण्याचा अधिकार नगरपरिषदेला दिलेला आहे. मोडल्यास दंड होऊ शकतो, म्हणजे आपल्यापुरता तो कायदाच. एवढा अधिकार असल्यामुळे त्याला दोन कुंपणेही आहेत. मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि वरून मंजुरी मिळाल्याखेरीज तो लागू होत नाही.

मसुद्यातल्या तीन गोष्टी लिपिकाने भराभर सांगितल्या. बाजार नदीकाठावरून बसस्थानकापलीकडच्या मैदानात न्यायचा. तेथे क्रमांकाचे ओटे बांधून ते वर्षाची अनामत घेऊन द्यायचे. आणि ओट्याखेरीज अन्यत्र कोणी बसल्यास माल जप्त करायचा. मग त्याने शेवटचा शब्द वाचला : “हरकती, निरंक.” सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, सर्वानुमते मंजूर.

मी लिहिता लिहिता थांबले. माझी आई दर मंगळवारी त्याच बाजारात बसते. दोन पाट्या भाजी, खाली पोते, वर एक छत्री. ठेकेदाराचा माणूस येतो, बाजार बैठकीची पावती फाडतो, दहा रुपये घेतो. मेथी-कोथिंबीर असेल त्या मंगळवारी ती जाते, नसेल तेव्हा जात नाही. वर्षाची अनामत भरून ओटा घेणे तिला परवडणारे नाही आणि तिच्या रांगेत बसणाऱ्या बहुतेकींनाही नाही. माझी फी, पुस्तके आणि या अंकाची वर्गणीसुद्धा त्या दोन पाट्यांतून आली आहे. समोर बसलेली माणसे दुष्ट नव्हती. नदीकाठी चिखल होतो, वाहने अडतात, ओटे झाले तर स्वच्छता राहील, हे सगळे खरेच होते. पण पाटी घेऊन येणाऱ्या बाईचे काय, हा प्रश्न त्या खोलीत कोणाच्या मनातच आला नाही. आणि तो येऊ नये अशी व्यवस्था कागदावर पक्की होती : हरकती निरंक.

सभा संपल्यावर मी खाली सूचना फलकाशी गेले. ती नोटीस अजून तिथेच होती. ऑक्टोबरची, प्रशासकांच्या काळातली, तीस दिवसांच्या मुदतीची, वर दुसरे तीन कागद टाचलेले. संध्याकाळी आईला सगळे सांगितले. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “बोर्डावर लावलं हुतं म्हणतीस. आमच्यातल्या कुणाला वाचता येतंय? पण तू रोज तिथनंच जातीस ना कॉलेजला?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ठरावाचे बळ

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे जरा रागानेच गेले. म्हणाले, “सर, सगळे कागदावर नियमाप्रमाणे झाले आहे. मग या सभेचा उपयोग काय?” सरांनी मला महाडच्या नगरपालिकेची गोष्ट वाचायला सांगितली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या सर्वांना माहीत आहे; त्याच्या मागेपुढे नगरपालिकेचे दोन ठराव आहेत, हे मी नीट कधी पाहिले नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरात गेला. तीन वर्षे त्या तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तेव्हा कुठे त्या दप्तरातल्या ठरावाला पाय फुटले. आणि तोच ठराव खरा होऊ लागला आहे असे दिसताच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो रद्द केला. बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला! पुढे प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी होती, हे सिद्ध होऊ शकले नाही.

आमच्या बाजाराची आणि महाडची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तो माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा लढा होता. परंतु नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय, हे मला तेथे समजले. चांगला ठरावसुद्धा त्याच्यामागे माणसे उभी राहीपर्यंत कागदच असतो. आणि वाईट परिणाम होऊ शकणारा ठराव, समोर कोणी उभे नसले, तर दोन मिनिटांत कायदा होऊ लागतो.

पुढे काय झाले

सरांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. मसुदा वरून मंजूर झालेला नाही, तोवर तो मसुदाच आहे. म्हणून मी अर्ज लिहिला. पुढच्या मंगळवारी आईच्या शेजारी पोत्यावर बसून तो बाजारात वाचून दाखवला. बायकांनी तो ऐकून घेतला आणि माझी दोन वाक्ये खोडायला लावली. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ असे मी मोठ्या आवेशाने लिहिले होते. एक म्हातारी म्हणाली, “त्ये नको. दहाची पावती आम्ही देतो, ती वीसची करा म्हणावं. पन पाटीला जागा ठेवा, येवढंच लिव.” मग तेवढेच लिहिले. एक्केचाळीस सह्या आणि अंगठे झाले.

आवक विभागातील लिपिक म्हणाले, “मुदत संपली आहे.” मी म्हणाले, “मला माहीत आहे. तरी पोच द्या.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि शिक्का मारून दिला. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवली, कारण नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे. एक प्रत आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला दिली. त्या विषय मंजूर झाला तेव्हा सभागृहातच होत्या. अर्ज वाचून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मी हात वर केला होता गं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

पुढच्या सभेला बाकावर आम्ही सातजण होतो. चार बाजारातल्या बायका, मी आणि माझ्या दोन वर्गमैत्रिणी. विषय पाचवा होता आणि त्यावर अठरा मिनिटे चर्चा झाली. बाजार नदीकाठी राहणार नाही, हे कायम राहिले. मात्र मैदानाचा एक भाग रोजच्या पावतीवर पाटी घेऊन बसणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा, अशी दुरुस्ती मसुद्यात करून पुन्हा हरकती मागवाव्यात, असे ठरले. सूचक आमच्या नगरसेविका. दोघांनी विरोध नोंदवला. तोही इतिवृत्तात लिहिला गेला.

हा विजय नव्हे. मैदानात सावली नाही, तेथपर्यंत पाट्या वाहून न्यायला रिक्षा लागणार आणि वरची मंजुरी अजून यायची आहे. पण नवी नोटीस फलकावर लागली आहे. पहिल्याच मंगळवारी ती मी बाजारात वाचून दाखवली. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिच्या मुदतीचे काही दिवस कदाचित शिल्लक असतील.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी बरेचजण कॉलेजला येताना त्या इमारतीवरूनच येतात. सूचना फलक डाव्या हाताला, पायऱ्यांजवळ आहे. वरचे कागद उचलून खालचे वाचावे लागतात.