प्रकल्प अहवाल बँकेसाठी, पण आधी स्वतःसाठी!

घरातल्या गृहिणीच्या हाताला चव असते. शेजारच्या चार घरांतून मसाल्याची, भाजणीची, दिवाळीच्या फराळाची मागणी येऊ लागते आणि एक दिवस घरात विषय निघतो, ‘‘एवढं करतेसच, तर त्याचा उद्योगच का नाही सुरू करत?’’ उत्साहाच्या भरात यंत्रांची चौकशी होते, जागा पाहिली जाते आणि बँकेतही फेरी होते. बँकेतले अधिकारी सगळे शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, ‘‘प्रकल्प अहवाल घेऊन या.’’

इथे भल्याभल्यांचे पाय अडखळतात. अहवाल म्हणजे काहीतरी किचकट, इंग्रजीतला, हिशेबतपासनिसानेच करायचा प्रकार, अशी आपली समजूत असते. मग कोणीतरी सुचवते, ‘‘अमक्याकडे जा. तो थोडे पैसे घेऊन तयार अहवाल देतो.’’ हा तयार अहवाल बहुधा दुसऱ्याच कोणासाठी केलेला असतो. त्यातले नाव-गाव तेवढे बदलले जाते. विक्रीचे आकडे डोळे दिपवणारे असतात, यंत्रेही गरजेपेक्षा मोठी दाखवलेली असतात. अर्जदार न वाचताच सही करतो. कर्ज मंजूर झाले, की अहवाल लिहिणारा बाजूला होतो आणि हप्ते मात्र सही करणाऱ्यालाच भरावे लागतात!

म्हणूनच हा अहवाल स्वतः लिहायला हवा. टंकलेखनाला किंवा ताळेबंदाला दुसऱ्याची मदत जरूर घ्या, पण त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या माहितीतला असला पाहिजे. बँकेने कर्ज द्यावे की नाही हे त्यावरून ठरतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही ते घ्यावे की नाही, हेही त्यावरूनच कळते.

वाचणाऱ्याला काय हवे असते?

कोणताही व्यावसायिक अहवाल लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा : हा कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार? बँकेतल्या अधिकाऱ्यापुढे असे कितीतरी अर्ज असतात. तुमचा मसाला किती झणझणीत आहे, हे त्याला ठरवायचे नसते. त्याला चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. पैसे किती हवेत? कशासाठी हवेत? तुमचे स्वतःचे त्यात किती? आणि परत कसे व कधी येणार?

या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर द्या. आपल्याकडे निबंधाच्या सवयीमुळे प्रस्तावना लांबते. ‘भारत हा खेडय़ांचा देश आहे’ इथपासून सुरुवात होते आणि कर्जाची रक्कम नवव्या पानावर सापडते! अहवालात निष्कर्ष आधी आणि तपशील नंतर येतो. पहिले पान वाचून अधिकाऱ्याला वरिष्ठांना दोन मिनिटांत प्रस्ताव समजावून सांगता आला, तर ते पान जमले असे समजावे. हा सारांश पहिल्या पानावर असला, तरी लिहायचा मात्र सर्वांत शेवटी, सगळे आकडे पक्के झाल्यावर.

अहवालाची मांडणी

सारांशानंतरचा क्रम साधारण असा ठेवावा :

१. अर्जदाराची ओळख : शिक्षण, अनुभव, घेतलेले प्रशिक्षण. ‘सहा वर्षे घरगुती विक्री करते’ हाही अनुभवच आहे. विक्रीची वही असेल, तर तिच्या पानांच्या प्रती जोडा.

२. माल आणि बाजारपेठ : काय विकणार, कोणाला, कोणत्या भावाने आणि आसपास असाच माल आणखी कोण विकते.

३. जागा, यंत्रे आणि वीज : जागा स्वतःची की भाडय़ाची, यंत्राची क्षमता किती, वीजजोडणी पुरेशी आहे का.

४. कच्चा माल : कुठून, कोणत्या हंगामात, कोणत्या भावाने मिळणार.

५. एकूण खर्च आणि पैशाची उभारणी : बँकेचे किती, स्वतःचे किती.

६. उत्पन्न-खर्चाचा अंदाज आणि परतफेडीचे वेळापत्रक.

७. परवाने : खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. विक्रीच्या वजनकाटय़ावर वैधमापन विभागाची मोहर हवी. २०२० पासून लहान उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी आहे. सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

यंत्रांची दरपत्रके, जागेची कागदपत्रे, ओळखपत्रे हे सगळे शेवटी क्रमांक देऊन जोडावे.

आकडे कुठून आणायचे?

समजा, एका गृहिणीला मिरची कांडप यंत्र घेऊन मसाल्याचा उद्योग सुरू करायचा आहे. खालचे आकडे केवळ हिशेब कसा करावा हे दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घालायचे.

तिचा अंदाज असा, की महिन्याला २०० किलो मसाला ४०० रुपये किलोने विकला जाईल. म्हणजे विक्री ८०,००० रुपये. मिरची, गरम मसाला, तेल आणि पिशवी मिळून किलोला २६५ रुपये, म्हणजे ५३,००० रुपये. मदतनीस बाईचा पगार ८,०००, वीज २,५००, वाहतूक २,५०० आणि दुरुस्ती वगैरे १,०००, असे आणखी १४,००० रुपये. उरले १३,०००.

आता गुंतवणूक. कांडप यंत्र, भाजण्याचे यंत्र, पिशव्या बंद करण्याचे यंत्र, वजनकाटा आणि वीजजोडणी मिळून १,७०,००० रुपये. यातले १७,००० ती स्वतः घालणार आणि १,५३,००० चे मुदत कर्ज मागणार.

पण यंत्र आले म्हणजे उद्योग सुरू झाला असे नाही. मिरची रोखीने घ्यावी लागते आणि दुकानदार पैसे महिन्याने देतो. मधल्या काळात जो पैसा अडकतो, ते खेळते भांडवल. नवखे लोक हमखास विसरतात ते हेच! रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीने लहान उद्योगांसाठी याची सोपी पद्धत सुचवली. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरायचे. त्यातले विक्रीच्या २० टक्क्यांइतके बँकेने द्यायचे आणि ५ टक्क्यांइतके उद्योजकाने घालायचे. आपल्या उदाहरणात वर्षाची विक्री ९,६०,००० रुपये. म्हणजे खेळते भांडवल २,४०,०००, पैकी बँकेचे १,९२,००० आणि स्वतःचे ४८,०००.

एकूण प्रकल्प झाला ४,१०,००० रुपयांचा. बँकेचे ३,४५,००० आणि घरचे ६५,०००. हे ६५,००० कुठून येणार, हेही अहवालात लिहायचे. बचतीतून, की दागिने गहाण ठेवून? दागिने गहाण ठेवणार असाल, तर त्या कर्जाचे व्याजही खर्चात धरायला हवे. ते लपवले, तर फसगत आपलीच होते.

खरी परीक्षा

११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर मुदत कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ३,३२६ रुपये होतो. खेळत्या भांडवलाचे व्याज सुमारे १,७६० रुपये. म्हणजे बँकेला दरमहा ५,०८६ रुपये द्यायचे. १३,००० मधून ते गेले, की उरतात ७,९१४ रुपये. हीच तिच्या कष्टांची कमाई.

इथे पुष्कळजण थांबतात. पण आपण आणखी एक पाऊल पुढे जावे. २०० किलो खपलेच नाहीत तर? १५० किलोच खपले, तर विक्री ६०,०००, माल ३९,७५० आणि बाकीचा खर्च १४,०००. उरले ६,२५०. बँकेचे देऊन हातात राहतात जेमतेम १,१६४ रुपये. आणखी हिशेब केला तर कळते, की महिन्याला १४२ किलो मसाला विकला गेला, तरच बँकेचे देणे भागते. त्याहून खप खाली आला, की हप्ता घरखर्चातून जाणार.

१४२ हा आकडा या अहवालातला सर्वांत मोलाचा आकडा आहे. आज ती महिन्याला ६० किलो विकत असेल, तर उरलेले ८२ किलो कोण घेणार? कोणती दुकाने, कोणता बचत गट, कोणती खानावळ? त्यांच्याशी बोलून लेखी मागणी मिळवली, तर ती पत्रे अहवालाला जोडता येतात. मिळाली नाहीत, तर कर्ज घेण्याआधीच सावध होता येते.

आता त्या तयार अहवालाकडे वळू. अनुदान जास्त मिळेल, या आमिषाने त्यात यंत्रांसाठी ६ लाखांचे कर्ज दाखवलेले असते. वरच्याच दराने त्याचा हप्ता सुमारे १३,०४५ रुपये होतो. म्हणजे २०० किलो विकूनही सगळी शिल्लक हप्त्यातच जाणार आणि वर पदरचे घालावे लागणार! शिवाय वाढवलेले दरपत्रक जोडणे ही बँकेची फसवणूक ठरते, आणि त्याखाली सही असते ती तुमची.

अनुदानाचा गैरसमज

अनुदान म्हणजे हातात मिळणारे पैसे, असा सर्रास समज आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालवल्या जाणाऱ्या या योजनेत उत्पादन उद्योगाची मर्यादा २०२२ मध्ये २५ लाखांवरून ५० लाखांवर नेण्यात आली. अनुदानाचे प्रमाण गाव की शहर आणि अर्जदाराचा प्रवर्ग यांवरून १५ ते ३५ टक्के ठेवलेले आहे. मात्र ही रक्कम अर्जदाराच्या हाती पडत नाही. ती बँकेत तीन वर्षे वेगळी ठेवली जाते आणि उद्योग नीट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तर कर्ज तारणाविना मिळते, पण ते फेडायचे असते, अनुदान नव्हे. योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत चौकशी करावी. योजनांच्या संकेतस्थळांवर नमुना अहवालही मिळतात. ते मांडणी समजून घेण्यासाठी वापरावेत, उतरवून काढण्यासाठी नव्हे.

भाषा साधी, आकडे बोलके

‘प्रचंड मागणी’, ‘उत्कृष्ट दर्जा’, ‘भरघोस नफा’ अशा शब्दांनी अधिकाऱ्यावर छाप पडत नाही. ‘आमच्या वसाहतीतील ४० कुटुंबे दरमहा माल घेतात’ हे एक वाक्य त्या सगळ्या विशेषणांना भारी आहे. लिहिताना या गोष्टी सांभाळा :

* प्रत्येक आकडय़ाशेजारी त्याचा आधार लिहा : दरपत्रक, बाजारभाव आणि त्याची तारीख, वीजबिल.

* पहिल्या पानावरची कर्जाची रक्कम आणि शेवटच्या तक्त्यातली रक्कम एकच हवी. आकडय़ांचा मेळ बसला नाही, की सगळ्याच कागदावरचा विश्वास उडतो.

* बारा महिने सारखे धरू नका. वर्षाचा मसाला बहुतेक घरांत उन्हाळ्यात होतो, पावसाळ्यात खप मंदावतो. कोणत्या महिन्यात ओढाताण होईल, हे आधीच लिहिलेत, तर तुमचा अभ्यास दिसतो.

* अडचणी लपवू नका. मिरचीचा भाव वाढला तर काय करणार, हे दोन ओळींत सांगा.

* पानांना क्रमांक द्या. आठ-दहा पाने पुष्कळ झाली.

* इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी शाखेत कोणती भाषा चालेल ते विचारावे. आधी मराठीत लिहून मगच भाषांतर करवून घेतले, तर आपल्या अहवालात काय आहे हे आपल्याला नेमके ठाऊक राहते.

अहवाल पूर्ण झाला, की घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला या उद्योगाची काही माहिती नाही. तो जिथे अडेल, तिथेच अधिकारीही अडेल.

अर्ज दिल्यावर त्याची पोच मागून घ्या. लहान उद्योगांच्या कर्जअर्जाची पोच देणे बँकांवर बंधनकारक आहे. अर्ज नामंजूर झाला, तर त्याची कारणे लेखी कळवावीत, असाही रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यामुळे नकार आला तरी खचून जाऊ नका. कारण समजून घ्या, अहवालात तेवढी दुरुस्ती करा आणि पुन्हा जा.

हिशेबाची वही हेच भांडवल

१९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘लिज्जत’ हे नाव घराघरांत पोहोचले. हे पैसे देणाऱ्या छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांच्याकडे एका गोष्टीचा आग्रह धरला होता. हिशेब चोख ठेवायचा! त्या बायकांपाशी मोठे शिक्षण नव्हते की जाडजूड अहवाल नव्हता. पण किती आले, किती गेले आणि किती उरले, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

प्रकल्प अहवाल म्हणजे तरी दुसरे काय? उद्या जी वही लिहायची, तिचीच पाने आज अंदाजाने लिहून पाहायची. म्हणून बँकेत जाण्याआधी एक साधी वही घ्या आणि निदान तीन महिने रोजची विक्री, रोजचा खर्च त्यात उतरवा. या तीन महिन्यांत अहवालाचे निम्मे काम झालेले असेल. आणि बेरीज केल्यावर कर्ज नकोच असे दिसले, तर तेही निराशेचे कारण नाही. घरावर येऊ पाहणारे एक संकट वहीतच टळले असे समजावे!