विद्यापीठीय संशोधनसाधने आणि हदगावचा अभ्यासक

निजामी राजवटीत हदगावच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९५० साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. १९५८ साली तेथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्यास बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. या नावाच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे व जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. १९९४ सालीच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठ असे जवळ आले. आता त्याची साधने उपयोगात आणणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.

‘गृहस्थाचा विनय’ हा संशोधनविषय उदाहरणादाखल घेऊ. प्रथम त्यावर पूर्वी झालेले काम पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे अनिवार्य केले. असे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात विनामूल्य वाचता येतात. हे काम हदगावातूनही होते.

त्यानंतर मूळ ग्रंथ. या विषयाचा मुख्य आधार दीघनिकायातील सिगालोवादसुत्त होय. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखालील नालंदा संस्करणाच्या ४१ खंडांत मूळ तिपिटक देवनागरीत आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या संस्करणात अट्ठकथाही आहेत. दोन्ही समोर ठेवल्यास एक महत्त्वाचा भेद कळतो : या सुत्ताला ‘गिहिविनय’ म्हणणारे वचन आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेतील आहे. ते बुद्धवचन म्हणून उद्धृत करणारा प्रबंध परीक्षकासमोर टिकणार नाही. अनुवादावरच विसंबणाऱ्यास हा भेद सहसा उमगत नाही.

संदर्भ देताना सुत्ताचे नाव, संस्करण, खंड व पृष्ठ हे चारही नोंदवावे. परदेशी ग्रंथांतील पृष्ठांक बहुधा पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीचे असतात. ते देवनागरी प्रतीत जुळत नाहीत.

शब्दार्थाचा निर्णय, पाठभेद आणि मार्गदर्शन यांसाठी मात्र ग्रंथालय व विभाग गाठावाच लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पालि व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. प्रवास खर्चिक; म्हणून शंकांची व हव्या असलेल्या ग्रंथांची यादी घरीच करून निघावे. रिकाम्या हाताने गेलेल्याचा दिवस ग्रंथसूची चाळण्यातच सरतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीसह पालिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा सार्थ व्हावयाचा तर आपल्या तरुणांनी अनुवादावर न थांबता मूळ पालि ग्रंथ उघडले पाहिजेत.